७० पाइन स्ट्रीट

७० पाइन स्ट्रीट ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात, मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाकडील वॉल स्ट्रीट परिसरात असलेली गगनचुंबी इमारत आहे. तिची उंची ९५२ फूट (सुमारे २९० मीटर) असून मोजण्याच्या पद्धतीनुसार तिचे मजले ६६ किंवा ६७ मानले जातात. सिटीज सर्व्हिस या तेल व वायू क्षेत्रातील कंपनीचे मुख्यालय म्हणून ती १९३० ते १९३२ या काळात बांधण्यात आली. १९७६ साली ती एआयजी या विमा कंपनीकडे गेली. २००८ च्या आर्थिक संकटानंतर या कंपनीने ती विकली आणि २०१६ च्या सुमारास तिचे भाड्याच्या सदनिकांमध्ये रूपांतर झाले. आज तिच्यात ६०० हून अधिक सदनिका, अल्पमुदतीच्या वास्तव्यासाठीच्या हॉटेलच्या खोल्या आणि उपाहारगृहे आहेत. बाह्य दर्शनी भाग व पहिल्या मजल्यावरील दालन या दोन्हींना शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा आहे. जुन्या कार्यालयीन मनोऱ्याचे घरांत रूपांतर कसे होते, त्यात काय टिकते आणि ती घरे कोणाच्या वाट्याला येतात, या प्रश्नांच्या अभ्यासासाठी ही इमारत महत्त्वाची मानता येते.

नाव

इमारतीचे मूळ नाव '६० वॉल टॉवर' असे होते. प्रत्यक्षात ती वॉल स्ट्रीटवर नाही. पाइन, पर्ल आणि सीडर या तीन रस्त्यांना लागून असलेल्या समलंब चौकोनी भूखंडावर ती उभी आहे. पाइन स्ट्रीटच्या पलीकडे, वॉल स्ट्रीटच्या ६० क्रमांकावर कंपनीची आणखी एक जुनी इमारत होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या पुलाने ती नव्या मनोऱ्याला जोडलेली होती. त्या पुलाच्या आधारे मनोऱ्याला वॉल स्ट्रीटचा पत्ता लावण्यात आला. वित्तव्यवहाराच्या जगात पत्त्याला किती किंमत असते, याचा हा बोलका नमुना होय. ती जुनी इमारत पुढे पाडण्यात आली आणि नावही मागे पडले. त्यानंतर मनोरा 'सिटीज सर्व्हिस बिल्डिंग', पुढे 'अमेरिकन इंटरनॅशनल बिल्डिंग' आणि अखेरीस केवळ रस्त्याच्या नावाने व क्रमांकाने ओळखला जाऊ लागला.

बांधकाम व वास्तुरचना

सिटीज सर्व्हिसचे संस्थापक हेन्री एल. डोहर्टी (१८७०–१९३९) यांनी १९१० साली कंपनी स्थापन केली होती. शहरांना वायू व वीज पुरवणाऱ्या अनेक कंपन्या एका छत्राखाली आणून त्यांनी आपला पसारा वाढवला. मनोऱ्याचा आराखडा 'क्लिंटन अँड रसेल, होल्टन अँड जॉर्ज' या वास्तुविशारद संस्थेने केला. महामंदी सुरू झालेली असतानाही काम थांबले नाही. पूर्ण झाली तेव्हा ही लोअर मॅनहॅटनमधील सर्वांत उंच आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग व क्रायस्लर बिल्डिंग यांच्या खालोखाल जगातील तिसऱ्या क्रमांकाची उंच इमारत होती.

तिची शैली आर्ट डेको आहे. मराठी वाचकाला ही शैली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील इमारतींमुळे परिचित असते. त्या इमारतीही साधारण याच काळातल्या असून २०१८ साली त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेथील चार-पाच मजली गोलाई इथे मात्र उंच, टोकदार आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी झाली आहे. विटांचा मनोरा माथ्याकडे पांढुरक्या चुनखडकात विलीन होतो आणि त्यावर काच व धातूचा कळस आहे. त्यामुळे दुरून पाहताना बर्फाच्छादित शिखराचा भास होतो. प्रवेशद्वारांच्या मधल्या खांबांवर याच इमारतीच्या दगडी प्रतिकृती कोरलेल्या आहेत. इमारतीने आपल्याच दारात आपली प्रतिमा मांडावी, असे क्वचितच आढळते. कंपनीचे त्रिकोणी बोधचिन्ह आणि सूर्याच्या आकृती सजावटीत जागोजागी दिसतात. आतील दालनात रंगीत संगमरवर आणि ॲल्युमिनियम यांचा मुक्त वापर आहे.

पायऱ्यांसारखा आकार केवळ शोभेसाठी नाही. न्यू यॉर्कच्या १९१६ च्या नियमावलीनुसार रस्त्यावर उजेड व हवा पोचावी म्हणून ठरावीक उंचीनंतर इमारतीला मागे सरावे लागे. भूखंडाच्या एक चतुर्थांश क्षेत्रावर मात्र हवा तेवढा उंच मनोरा बांधण्यास मुभा होती. परिणामी खालचे मजले ऐसपैस आणि वरचे अगदी लहान झाले. पुढे घरे करताना हीच गोष्ट निर्णायक ठरली.

भूखंड उताराचा असल्याने इमारतीला दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर प्रवेशद्वारे आहेत. त्याचा फायदा घेऊन येथे दुमजली लिफ्ट बसवण्यात आल्या होत्या. एकाच वेळी खालचा डबा एका मजल्यावर आणि वरचा डबा त्याच्या वरच्या मजल्यावर थांबे. लिफ्टच्या विहिरी कमी लागल्याने भाड्याने देता येण्याजोगी जागा वाढत असे. वापरणाऱ्यांना ही व्यवस्था फारशी रुचली नाही आणि पुढे ती बंद पडली. खालच्या मजल्यांसाठी सरकते जिने होते. माथ्यावर काचेने वेढलेले निरीक्षण दालन होते. सर्वांत वरच्या मजल्यांवर डोहर्टी यांच्यासाठी तीन मजली निवासस्थान योजलेले होते. म्हणजे घराची कल्पना या मनोऱ्यात पहिल्यापासूनच होती, फक्त ती एकाच माणसापुरती होती.

कार्यालय म्हणून वापर

सिटीज सर्व्हिसने १९७० च्या दशकात आपले मुख्यालय ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे हलवले आणि इमारत एआयजीने घेतली. १६ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बुडण्याच्या बेतात असलेल्या या कंपनीसाठी ८५ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. पुढे सरकारी मदतीचा आकडा याच्या दुपटीहून अधिक झाला. कर्जफेडीसाठी कंपनीला मालमत्ता विकाव्या लागल्या. २००९ साली ही इमारत शेजारच्या ७२ वॉल स्ट्रीटसह दक्षिण कोरियातील कुम्हो इन्व्हेस्टमेंट बँक आणि न्यू यॉर्कमधील यंग वू अँड असोसिएट्स यांनी विकत घेतली. जगातील सर्वांत मोठ्या विमा कंपन्यांपैकी एकीचे मुख्यालय अशा प्रकारे काही महिन्यांतच 'रिकामी जागा' या सदरात जमा झाले.

परिसरातील स्थित्यंतर

ही घटना सुटी पाहता येत नाही. मुंबईच्या फोर्ट भागाप्रमाणे लोअर मॅनहॅटन हा दिवसा गजबजलेला आणि रात्री सुना पडणारा कचेऱ्यांचा परिसर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक बँका व कंपन्या उत्तरेकडे मिडटाउनमध्ये जाऊ लागल्या. त्यांना थोपवण्यासाठी १९६० च्या दशकात चेस मॅनहॅटन बँकेचा मनोरा आणि १९७० च्या दशकात वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले. त्यांच्यामुळे नव्या कार्यालयीन जागेची भर पडली आणि जुन्या इमारती आणखी मागे पडल्या. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात या भागातील सुमारे पाचवा हिस्सा कार्यालयीन जागा ओस होती.

रूपांतराची सुरुवात त्याआधीच तुरळक झाली होती. १९०९–१० मध्ये बांधलेल्या ३३ मजली लिबर्टी टॉवरचे घरांत रूपांतर १९७९ च्या सुमारास झाले. त्याहीपूर्वी, उत्तरेकडील सोहो भागात कलावंतांनी बंद कारखान्यांच्या मजल्यांवर बेकायदा संसार थाटले होते. त्यांना कायदेशीर आधार देण्यासाठी १९६४ साली बहुनिवास कायद्यात '७-बी' हे प्रकरण घालण्यात आले. चित्रकारांच्या स्टुडिओंसाठी केलेली ही सवलत पुढे मोठमोठ्या मनोऱ्यांच्या विकसकांच्या कामी आली.

खरी लाट १९९५ च्या '४२१-जी' या करसवलतीने आली. या भागातील कार्यालयांची घरे करणाऱ्या मालकांना मालमत्ता करात एक तपाहून अधिक काळ सूट मिळू लागली. ही योजना २००६ पर्यंत चालली. तिच्यातून सुमारे १३,००० घरे तयार झाली आणि परिसरातील सुमारे १३ टक्के कार्यालयीन जागा निवासी झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर हा भाग कायमचा ओसाड पडेल, अशी भीती होती. प्रत्यक्षात रहिवासी वाढत गेले आणि त्यांच्यामागोमाग शाळा, किराणा दुकाने व बगीचे आले. ७० पाइन स्ट्रीटचे रूपांतर सुरू झाले तेव्हा ४२१-जी योजना बंद झालेली होती, परंतु तिने घडवलेली वस्ती आजूबाजूला तयार होती.

रूपांतर

पहिल्या खरेदीदारांनंतर प्रकल्पात मेट्रो लॉफ्ट या विकसक संस्थेचे नाव पुढे आले. अखेरीस रोझ असोसिएट्स आणि डीटीएच कॅपिटल यांनी तो पूर्ण केला. आराखड्याचे काम डेबोरा बर्क पार्टनर्स आणि स्टीफन बी. जेकब्स ग्रुप या संस्थांनी केले.

कार्यालयाचे घर करणे म्हणजे भिंती हलवणे, असा सर्वसाधारण समज असतो. अडचण मुख्यतः खिडकीची असते. न्यू यॉर्कच्या नियमांनुसार राहण्याच्या प्रत्येक खोलीला बाहेरून उजेड व हवा मिळणे आवश्यक आहे. म्हणून खिडकीपासून इमारतीच्या गाभ्यापर्यंतचे अंतर किती, यावर बहुधा सारा हिशेब ठरतो. १९३० च्या सुमारास कार्यालयांनाही हाच नियम निसर्गाने लावला होता. वातानुकूलन नव्हते, विजेचे दिवे मंद व उष्ण होते, आणि खिडकीपासून २५–३० फुटांपलीकडची जागा भाडेकरू घेत नसत. त्यामुळे त्या काळचे मनोरे अरुंद राहिले. पुढे नळीदार दिवे व वातानुकूलन आल्यावर कार्यालयांचे मजले इतके खोल झाले, की मध्यभागी बसणाऱ्याला दिवस-रात्र कळू नये. दिसायला आधुनिक असलेल्या अशा इमारती रूपांतराला अवघड जातात, आणि जुनाट समजल्या गेलेल्या सोप्या. जवळच्याच २५ वॉटर स्ट्रीट या १९६० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेल्या इमारतीत सुमारे १,३०० घरे करताना मधोमध दोन चौक कोरून काढावे लागले. कोरलेली जागा भरून काढण्यासाठी वर नवे मजले चढवण्यात आले.

७० पाइन स्ट्रीटच्या वरच्या मजल्यांवर असा प्रश्न उद्भवला नाही. तेथे लिफ्टच्या गाभ्याभोवती एकेका खोलीच्या खोलीएवढीच जागा आहे आणि बहुतेक बाजूंनी उजेड येतो. खालचे रुंद मजले मात्र अवघड असतात. अशा मजल्यांवर खिडकीलगत बैठकीची व झोपण्याची खोली काढून आतल्या अंधाऱ्या पट्ट्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटे आणि 'घरचे कार्यालय' म्हणून दाखवली जाणारी बिनखिडकीची खोली ठेवण्याची पद्धत रूढ आहे. कायद्याने तिला शयनकक्ष म्हणता येत नाही. तेथे पलंग मात्र अनेकदा पडतो. तळाच्या भागात भाड्याने न देता येणारी जागा व्यायामशाळा व सामायिक सोयींसाठी वापरली जाते.

सांगाड्याची बाजू तुलनेने सोपी असते. कार्यालयाच्या मजल्यासाठी साधारणतः चौरस फुटाला ५० पौंड, तर घरासाठी ४० पौंड वापरभार धरतात. म्हणजे जुना पोलादी सांगाडा नव्या वापराला पुरून उरतो. नळकामाचे तसे नाही. कार्यालयात प्रत्येक मजल्यावरची शौचालये एकाच जागी एकवटलेली असतात, तर घरांसाठी मजल्यामागून मजला भेदत पाण्याचे व सांडपाण्याचे डझनावारी उभे नळ न्यावे लागतात. येथे जुन्या लिफ्टच्या विहिरी उपयोगी पडू शकतात, कारण सकाळी नऊच्या ठोक्याला हजारो माणसे वर नेणाऱ्या कार्यालयाइतक्या लिफ्ट घरांना लागत नाहीत. उरलेल्या लिफ्ट चोख चालणे मात्र अत्यावश्यक असते. याच परिसरातील, १९३१ साली बँकेसाठी बांधलेल्या व नंतर निवासी झालेल्या ५७ मजली २० एक्सचेंज प्लेस या इमारतीत २०२१–२२ दरम्यान लिफ्ट वारंवार बंद पडत होत्या. वरच्या मजल्यांवरील रहिवाशांना जिने चढावे लागले, आणि ज्यांना चढणे शक्य नव्हते ते घरातच अडकले. कार्यालयात लिफ्ट बंद पडली तर सुटी देता येते. घरात तशी सोय नसते.

वारसा दर्जा

शहराच्या वारसा जतन आयोगाने २१ जून २०११ रोजी इमारतीचा बाह्य भाग आणि पहिल्या मजल्याचे अंतर्गत दालन यांना संरक्षण दिले. त्यामुळे खिडक्या, दगडकाम, प्रवेशद्वारे आणि दालनातील कोणताही बदल आयोगाच्या परवानगीवाचून करता येत नाही. घरे ज्या मजल्यांवर झाली, त्या मजल्यांच्या अंतर्भागाला असे संरक्षण नव्हते. कार्यालयांच्या जुन्या खोल्या तेथे नाहीशा झाल्या.

अंतर्गत वारसा दर्जाची एक अट लक्षणीय आहे. न्यू यॉर्कच्या कायद्यानुसार तो अशाच जागेला मिळतो, जी लोकांना सर्वसाधारणपणे खुली असते. कार्यालयीन इमारतीचे दालन रस्त्यासारखेच असते. कोणीही त्यातून जाऊ शकतो. निवासी इमारतीचे दालन म्हणजे घराचा उंबरठा, आणि तेथे पहारेकरी बसतो. मग दर्जा कशाच्या आधारे टिकतो? हा वाद लोअर मॅनहॅटनमधीलच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका इमारतीवरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १०८ लेनर्ड स्ट्रीट येथील मनोऱ्यातील जुने यांत्रिक घड्याळ व त्याची खोली संरक्षित होती. मनोऱ्याचे खासगी सदनिकेत रूपांतर करून घड्याळ विजेवर चालवण्याची परवानगी आयोगाने दिली. किल्लीवर चालणारे हे घड्याळ लोकांना पाहता यावे म्हणून झटणाऱ्यांनी त्याला आव्हान दिले. २०१९ साली न्यायालयाने आयोगाचा निर्णय ग्राह्य धरला.

७० पाइन स्ट्रीटमध्ये हा पेच काही अंशी उपाहारगृहे व हॉटेल यांमुळे सौम्य झाला, कारण बाहेरच्या माणसाला आत येण्यास निमित्त उरले. २०१९ साली तळमजल्यावर आणि २०२१ साली वरच्या मजल्यांवर नामांकित उपाहारगृहे सुरू झाली. माथ्याकडील मजल्यांवरून बंदराचा देखावा पुन्हा पाहता येतो, पण जेवणाच्या वा पेयाच्या दरात.

घरे कोणासाठी

या इमारतीतील सदनिकांपैकी बऱ्याच एक खोलीच्या किंवा एका शयनकक्षाच्या आहेत. अरुंद मजले आणि ठिकठिकाणचे पोलादी खांब यांमुळे मोठ्या कुटुंबाचे घर बसवणे कठीण जाते. सदनिका बाजारभावाने भाड्याने दिल्या जातात आणि लोअर मॅनहॅटनचा बाजारभाव सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर आहे. रूपांतराने मनोरा वाचला, हे खरे. शहराच्या घरटंचाईवर त्याने किती उतारा पडला, याचे उत्तर कोण टंचाईत आहे यावर अवलंबून आहे.

करसवलत घेऊन झालेल्या इमारतींबाबत हा मुद्दा अधिक तीव्र झाला, कारण तेथे सार्वजनिक पैसा गुंतलेला होता. ४२१-जी योजनेत परवडणाऱ्या घरांची सक्ती नव्हती. सवलतीच्या काळात भाडेनियंत्रण लागू राहील, अशी अट मात्र होती. भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की घर नियंत्रणातून सुटते, असा अर्थ लावून अनेक मालकांनी ही अट निष्प्रभ केली होती. मरे स्ट्रीटवरील एका रूपांतरित इमारतीतील भाडेकरू त्याविरुद्ध न्यायालयात गेले. जून २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय देताना सवलत घेतलेल्या इमारतींतील घरांना भाडेनियंत्रणातून असे सुटता येणार नाही, असे स्पष्ट केले.

कोविड-१९ च्या साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि कार्यालये पुन्हा मोठ्या प्रमाणावर ओस पडली. एप्रिल २०२४ मध्ये न्यू यॉर्क राज्याने '४६७-एम' ही नवी करसवलत मंजूर केली. तिच्यात रूपांतरातून तयार होणाऱ्या घरांपैकी किमान २५ टक्के घरे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा दरात कायमची ठेवावी लागतात. त्या बदल्यात मॅनहॅटनच्या दक्षिण व मध्य भागांत मालमत्ता करात ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये शहराने नियोजनाचे नियमही सैल केले आणि १९९० पर्यंत बांधलेल्या कार्यालयीन इमारतींना रूपांतराची वाट मोकळी केली. याआधी ही मुभा शहराच्या बहुतांश भागात १९६१ पूर्वीच्या, तर लोअर मॅनहॅटनमध्ये १९७७ पूर्वीच्या इमारतींपुरती मर्यादित होती. ७० पाइन स्ट्रीट या दोन्ही बदलांच्या आधीच निवासी झाल्याने नव्या सवलतीतील परवडणाऱ्या घरांची अट तिला लागू होत नाही.